ओंजळ माझी, तहान त्याची

आधीच सांगून टाकतो, मी त्याच्यावर जळतो. लोक अशा वेळी 'मला त्याच्याबद्दल आदर आहे, पण' अशी सुरुवात करतात. मला आदर वगैरे काही नाही. आरमोरीजवळच्या आमच्या गावात आम्ही दोघं एकाच आळीत वाढलो, एकाच बोडीत, म्हणजे गावतळ्यात, पोहायला शिकलो आणि एकाच मास्तरांचा मार खाल्ला. दहावीला तो आपटला, मी केंद्रात पहिला आलो. आज तो जिल्हा परिषदेचा सदस्य आहे आणि मी ज्युनिअर कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवतो. माझ्या वर्गात निम्मी मुलं दुसरा विषय मिळाला नाही म्हणून बसलेली असतात. तो रस्त्यानं निघाला की दोन्ही बाजूंनी 'भाऊ, भाऊ' होतं. मी निघालो की लोक मलाही थांबवतात आणि विचारतात, "सर, भाऊ कुठी आहेत जी?"

नुसत्या मानमरातबावर जळलो असतो तर माझीच मला लाज वाटली असती. खुर्ची, गाडी, गळ्यातले हार, ते सगळं त्याला लखलाभ. माझं दुखणं वेगळं आहे. तो जे बोलतो ते माझं असतं. वाक्य माझं, थांबायची जागा माझी, शेवटचा टोलाही माझा, आणि टाळ्या त्याच्या. मला आयुष्यात फार काही नको होतं. एकदा तरी माझं बोलणं माझ्या तोंडून लोकांनी ऐकावं, एवढंच हवं होतं.

हे कुठून सुरू झालं ते सांगायला मला नाटकात जावं लागेल. आमच्याकडे धान घरात आलं की गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते, दिवसा शंकरपटात बैल धावतात आणि रात्री नाटक होतं. नाटक पाहिल्याशिवाय पाहुणा घरी जात नाही. पुण्यामुंबईच्या माणसाला सांगितलं तर हसू येतं, पण आमच्या झाडीपट्टीत नटानं नाटक शब्दन्शब्द पाठ करावं अशी कुणाची सक्तीच नसते. स्टेजच्या पुढे माणूस मावेल एवढा खड्डा खणतात, त्यात तणस, म्हणजे धानाचा पेंढा, टाकतात, डब्याच्या आडोशाला एक बारका बल्ब लावतात आणि तिथे प्रॉम्प्टर बसतो. नाटकाचं पुस्तक त्याच्या मांडीवर असतं. तो खालून शब्द देतो, नट वरून बोलतो. प्रेक्षकांना खड्डा दिसतो, प्रॉम्प्टरचं डोकं दिसतं, पुढच्या रांगेत तर आवाजही ऐकू येतो. पण कुणी त्याकडे लक्ष देत नाही. पुरणपोळी खाताना पाट्याकडे कोण बघतो?

आमच्या मंडळात तो हिरो होता आणि मी खड्ड्यात होतो. त्याला आवाज होता, उंची होती, मिशी लवकर फुटली होती. मला वाचता चांगलं येत होतं. वाटणी तिथेच झाली.

प्रॉम्प्टिंग सोपं काम नाही, बरं का. पुस्तक नुसतं वाचत सुटलं की नट गोंधळतो. पहिले दोनच शब्द द्यायचे, पुढचं त्याला आठवतं. तेही त्याचे डोळे कोरडे पडायच्या अगदी आधी द्यायचे, कारण एकदा डोळे कोरडे पडले की ते पब्लिकला दिसतं. मान खाली ठेवायची. आणि आवाजात काही घालायचं नाही, ना राग, ना रडू. मीठमसाला नटानं घालायचा, आपण कोरडा भात वाढायचा. ही कला मला कुणी शिकवली नव्हती आणि मी ती अशी साधली होती की बाजूच्या गावची मंडळं मला मागून न्यायची. एवढं मोठेपण मी स्वतःला देतो. दुसरं कुणी देत नाही म्हणून.

एका नाटकात मुलगा बापाशी भांडून घर सोडतो असा प्रसंग होता. लेखकानं तिथे मुलाला फारच मिळमिळीत वाक्य दिलं होतं. मी ऐन वेळी खड्ड्यातून माझं एक वाक्य दिलं, "बाबा, मी घर सोडतो, घराची वाट सोडत नाही." त्यानं ते घेतलं. थांबला. बापाकडे पाठ केली आणि पाठ करूनच म्हणाला. बायांच्या बाजूनं हुंदके यायला लागले, आणि मागून कुणीतरी ओरडलं, "वन्स मोर!" त्यानं पुन्हा म्हटलं, आणखी बरं म्हटलं. लोक त्याच्याकडे बघत होते, तो आभाळाकडे बघत होता, आणि मी तणसात पाय आखडून पुढचं पान काढत होतो. त्या वेळी पोटात जी आग पडली ती अजून विझलेली नाही.

पुढे तो राजकारणात गेला. आधी ग्रामपंचायत, मग जिल्हा परिषद. पहिल्या सभेच्या आदल्या दिवशी माझ्या ओसरीवर येऊन बसला आणि म्हणाला, "मास्तर, तू फक्त मांगं बस. बाकी मी पाह्यतो." मी मागच्या खुर्चीवर बसून शब्द दिले. पुढे कागद आले. आता तर मी फोनवर आवाज भरून पाठवतो. तो गाडीत कानाला लावून ऐकतो, उतरतो आणि बोलतो. खड्डा बुजला असं मला वाटलं होतं, पण तो खिशात मावेल एवढा झाला, बस.

त्याला एकट्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही हेही मला कळतं. आज कोणता पुढारी आपल्या मनानं बोलतो? वरून मुद्दे येतात, मुद्द्यांखाली कुठे थांबायचं तेही येतं. बड्या पुढाऱ्यांसमोर म्हणे काच उभी असते आणि तिच्यावर अक्षरं सरकतात. खड्ड्यातून काचेत, एवढीच काय ती प्रगती. मी वर्गात जे शिकवतो ते याच्या नेमकं उलट आहे. माणसानं आधी आपल्या मनाला विचारावं, मग गावाला. चार लोक काय म्हणतील ते बघून जो आपलं मत ठरवतो त्याला मत नसतंच, त्याच्याकडे असते ती चार लोकांची उधारी. ही जुनी शिकवण आहे आणि मला ती पटते. ती शिकवताना माझा आवाज चढतो, तेव्हा मागच्या बाकावरची मुलंसुद्धा मोबाइल खाली ठेवतात. थोडा वेळ.

तर ही सगळी शिकवण मी एकदा त्याच्या भाषणात ओतली. महिला बचत गटांचा मेळावा होता, विषय स्वावलंबन. मी जीव लावून लिहिलं. "वारा पाहून पाठ फिरवतो तो पुढारी नव्हे, तो पाखडताना उडालेला भुसा." आणि शेवटी, "दुसऱ्याच्या ओंजळीनं पाणी पिऊ नका. ओंजळ आपली पाहिजे, मग नदी कोणाची का असेना."

मी दुसऱ्या रांगेत बसलो होतो. त्यानं शेवटच्या वाक्याला दोन्ही हातांची ओंजळ केली, तिच्यात बघितलं आणि मग बोलला. ओंजळ करायची असं मी लिहिलं नव्हतं. मला सुचलंच नव्हतं. बाया उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या, आणि दुसऱ्याच्या ओंजळीनं पाणी पिऊ नका असं सांगणारा हा गृहस्थ माझ्या ओंजळीला तोंड लावून उभा होता! लोकां सांगे ब्रह्मज्ञान. पण कोरडा पाषाण तो नव्हता, तो तर चिंब झाला होता. कोरडा मी होतो.

घरी आल्यावर बायकोनं तोंडाकडे बघूनच ओळखलं.

"आज जास्त जळून राह्यले तुमी."

"मी काऊन जळू?"

"मंग स्वतः बोला ना उभं राहून. कोनं तुमाले धरून ठेवलं? तुमची ओंजळ अन् त्याची तहान, किती दिवस चालाचं हे?"

मी प्रयत्न केला नव्हता असं नाही. कॉलेजच्या कार्यक्रमात मी बोलायला मागितलं तेव्हा मला आभारप्रदर्शन मिळालं. आभार ऐकायला आजवर कुणी थांबलं आहे? मी उभा राहिलो आणि मंडपातली माणसं जेवणाच्या पंगतीकडे निघाली. तेव्हापासून मी बोडीच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, उभा राहून बोलतो. संध्याकाळी तिथे म्हशी असतात. ओंजळीचं भाषण मी म्हशींपुढे इतक्या वेळा केलं आहे की कुठे आवाज खाली न्यायचा, कुठे हात पुढे करायचा, ते सगळं अंगात भिनलं आहे. त्याच्यापेक्षा चांगलं करतो मी. म्हशींनी कधी तक्रार केली नाही.

मागच्या उन्हाळ्याच्या तोंडाला तो म्हणाला, "मास्तर, चाल माह्यासंग. धानोऱ्याच्या पल्याडच्या एका गावात सभा आहे. तेथचे लोक जरा वेगळे आहेत." त्याच्या मनात आमदारकी होती, आणि त्या भागातली गोंडांची गावं त्याला ओळखत नव्हती.

मोह गळायचे दिवस होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झाडांखाली बाया टोपल्या घेऊन वाकलेल्या, आणि गाडीच्या काचा खाली केल्या की तो गोडसर, डोक्यात जाणारा वास. तो कानाला फोन लावून माझा आवाज ऐकत होता. मी त्याच्या शेजारी बसलेलो असताना. मधेच म्हणाला, "ओंजळवालं ठेवलं ना बे? ते चालते."

गावात पोचलो तर स्टेज नाही, माइक नाही, हार नाहीत. गोटुलासमोरच्या, म्हणजे गावाच्या सामाईक घरासमोरच्या, सारवलेल्या जागेत सगळं गाव गोल बसलं होतं, बाया एका अंगाला, पुरुष एका अंगाला. यंदा तेंदूपत्ता आपण स्वतः लिलाव करून विकायचा की शेजारच्या गावांबरोबर मिळून, यावर त्यांची चर्चा चालली होती. आम्हाला कुणीतरी पाणी दिलं आणि बसायला जागा दाखवली, गोलातच, जमिनीवर. आधी गावाचं संपणार, मग आमचं.

बसून ऐकताना मला त्या गावाची रीत कळली. जो बोलेल त्यानं मधे येऊन उभं राहायचं. बोलून झालं की एक म्हातारी, तिथली जाणती बाई, त्याला विचारायची, "हे तुझंच म्हणनं ना?" तो 'हो' म्हणाला की त्याचं बोलणं धरायचं. नाही म्हणाला तर ज्याचं म्हणणं असेल त्याला उठवायचं. शेजारी बसलेल्या माणसानं मला सांगितलं की आधी पुरुषच बायकांच्या वतीनं बोलून मोकळे व्हायचे आणि ठेकेदाराची माणसं चार-दोघांना पढवून पाठवायची, म्हणून गावानं हे धरलं. आता कुणी कुणाच्या तोंडानं बोलत नाही. एक जण बायकोचं मत सांगायला उठला तेव्हा म्हातारीनं त्याला हातानंच खाली बसवलं, आणि बायको उठून बोलली. नवऱ्याच्या नेमकं उलट बोलली.

मला काय वाटलं ते लपवत नाही. मला आनंद झाला. मी आयुष्यभर ज्याबद्दल फळ्यावर लिहीत आलो ते हे लोक जमिनीवर बसून करत होते, याचा आनंद थोडा. आता याची कशी जिरते, याचा जास्त.

गावाचं ठरलं, मग त्याला बोलावलं. तो मधे जाऊन उभा राहिला. कागद नव्हता, फोन खिशात होता, तरी झकास बोलला. भुसा आला, ओंजळ आली, दोन्ही हात पुढे आले. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, तिथे टाळ्यांची रीत नव्हती. पण माना हलल्या. मग म्हातारीनं विचारलं, सगळ्यांना विचारत होती तसंच, सहज.

"हे तुझंच म्हणनं ना?"

कोणताही पुढारी 'हो' म्हणाला असता. 'हो' म्हणायला काय लागतं? मी तो 'हो' ऐकायला कान टवकारून बसलो होतो, कारण तो ऐकला असता तर मला घरी जाऊन हक्कानं जळता आलं असतं.

"नाई," तो म्हणाला. "हे या मास्तरचं होय. तो लिवते, मी बोलतो. पहिलेपासून तसंच आहे आमचं."

लाजला नाही, अडखळला नाही. खड्ड्यातल्या माणसाची स्टेजवरच्या माणसाला कधी लाज वाटत नाही. मला ती एवढी वर्षं वाटत होती, त्याला कधीच वाटली नव्हती. गोलातून कुजबुज उठली. शेजारचा माणूस मला कोपरानं ढोसून म्हणाला, "खरा मानूस दिसते ना जी तुमचा भाऊ." घ्या! माझं श्रेय मला दिल्याचं श्रेयही त्यालाच.

"मंग त्यानं बोलावं," म्हातारी म्हणाली, आणि माझ्याकडे बोट केलं.

मी उठलो. ज्याच्यासाठी जन्मभर झुरलो ते असं, काही न मागता, भर सकाळी समोर आलं. मधे जाऊन उभा राहिलो. सगळं गाव माझ्याकडे बघत होतं आणि तो माझी बसायची जागा घेऊन खाली मांडी घालून बसला होता. मी तोंड उघडलं. आवाज आला तो खड्ड्यातला. बारीक, सपाट, भराभर, मान खाली. म्हशींपुढचा आवाज कुठे गेला देव जाणे.

"जोरानं बोला ना जी," बायांमधून कुणीतरी म्हणालं. "ऐकू नाई येत."

मी पुन्हा सुरुवात केली, या वेळी मोठ्यानं. भुशापर्यंत आलो. आणि पुढचं गेलं. माझं स्वतःचं, मी घासूनपुसून लिहिलेलं, पाळीवर शंभरदा म्हटलेलं वाक्य, साफ गेलं. समोर पन्नास तोंडं आणि माझ्या तोंडाला कोरड. डोळे कोरडे पडायला लागले हे मला आतून कळत होतं. ती खूण माझ्याइतकी कुणाला ठाऊक आहे?

तेवढ्यात खालून आलं, "ओंजळ आपली."

त्याची मान खाली होती. जमिनीवर गळालेलं मोहाचं फूल तो बोटांनी चुरत होता. दोनच शब्द, आवाजात काहीही न घालता, अगदी वेळेवर.

मी ते घेतलं. "ओंजळ आपली पाहिजे," मी म्हणालो, मोठ्यानं, "मग नदी कोणाची का असेना." लोकांनी ऐकलं. माझ्या तोंडून ऐकलं. दोन-चार माना हलल्यासुद्धा.

म्हातारीनं माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे बघितलं.

"हे तुझंच म्हणनं ना?"

"हो," मी म्हणालो. आणि सगळं गाव हसलं. वाईट नाही, खेळीमेळीचं हसलं, पण पोट धरून. तोही हसत होता.

आम्ही परतीला लागलो. धानोरा मागे पडल्यावर तो म्हणाला, "बरा बोलला बे तू. थोडा आवाज काढत जा."

मला राहवेना. मी विचारलं, "असे शब्द द्याले तू कुठी शिकला?"

"कुठी म्हंजे?" त्याला माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं. "नाटकात तू खाली पुस्तकात पाहे. मी वरून तुलेच तं पाहत राहो."

नट तो, पुढारी तो, खरा माणूसही तोच. सगळं त्याला देऊन टाकलं होतं मी. प्रॉम्प्टिंग तेवढं माझं एकट्याचं आहे, असं धरून चाललो होतो.